सगळेच नमुने फ्रीजमध्ये नकोत

प्रश्न : एका छोट्या दवाखान्यात लैंगिक आजारांच्या तपासण्यांसाठी नमुने घेणाऱ्या परिचारिकेचं पत्र आलं आहे. ओळख उघड होईल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत.

"आमच्याकडे लॅब नाही. मी नमुने घेऊन ठेवते आणि लॅबचा माणूस दुसऱ्या दिवशी येऊन ते नेतो. खराब होऊ नयेत म्हणून घेतल्याबरोबर सगळं फ्रीजमध्ये ठेवते. तरी अलीकडे 'नमुना अयोग्य' असा शेरा मारून बरेच नमुने परत येतात. एका पुरुष रुग्णाला उघड पू येत होता. डॉक्टरांनी स्लाइडवर परम्याचे (गोनोरियाचे) जंतूही पाहिले. मी कापसाच्या काडीवर पू घेऊन निर्जंतुक रिकाम्या ट्यूबमध्ये ठेवला आणि पाठवला, तर कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट 'वाढ नाही' असा आला. डॉक्टर म्हणतात, लॅब बदलू. लघवी मी नेहमीसारखीच, आधी धुवायला सांगून मधल्या धारेची घेते. काही बायका तपासून घ्यायला संकोचतात, 'आमचं आम्ही घेऊन देतो' म्हणतात. पण त्यांना ते नीट जमेल असं वाटत नाही, म्हणून त्यांचीही लघवीच पाठवते. काहींना ट्यूबवर नाव नको असतं. चूक माझी आहे की लॅबची? आणि हे सगळं ठेवायला मोठा फ्रीज घ्यावा का?"

उत्तर : तुम्ही काळजी घेता हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. अडचण अशी की ही काळजी दुसऱ्याच तपासण्यांची आहे. लघवीत जंतुसंसर्ग शोधताना धुऊन, मधल्या धारेची लघवी घेणं बरोबरच असतं. लैंगिक आजारांच्या तपासणीत नेमकी तीच पद्धत उलट जाते. तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. थंड ठेवलं की टिकतं, स्वच्छ घेतलं की चांगलं असतं आणि जाणकाराने घेतलं तरच अचूक येतं. लॅब बदलायचा निर्णय घेण्याआधी या तिन्ही तपासून पाहू.

प्रत्येक नमुना हातात घेताना एकच प्रश्न विचारा : लॅब यात काय शोधणार आहे? कल्चरला जिवंत जंतू लागतो. तो वाटेत मेला की तपासणी संपली. पीसीआर किंवा नॅट प्रकारच्या तपासण्यांना जंतूचं जनुकीय द्रव्य लागतं. जंतू मेला तरी चालतो, पण ज्या पेशींत तो असतो त्या पेशी नमुन्यात याव्या लागतात. सिफिलिस, एचआयव्ही यांच्या नेहमीच्या रक्ततपासण्या प्रामुख्याने शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात आणि त्यांना स्वच्छ वेगळं केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारा द्रव) लागतं. नमुना कुठून घ्यायचा, कशात ठेवायचा, थंड की सामान्य तापमानाला, किती वेळ, हे सगळं या एका उत्तरावर ठरतं.

आता त्या पू येणाऱ्या रुग्णाचं पाहू. परम्याचा जंतू, म्हणजे गोनोकोकस, शरीराबाहेर फार नाजूक असतो. कोरडेपणा त्याला सोसत नाही. साध्या कापसातले काही घटक आणि लाकडी काडी त्याच्या वाढीला मारक ठरतात, म्हणून या कामाला डॅक्रॉन किंवा रेयॉनच्या टोकाचा, प्लास्टिकच्या दांडीचा स्वॅब वापरतात. तुमचा नमुना कापसावर होता, ट्यूब रिकामी होती, शिवाय रात्रभर थंडीत राहिला. एवढ्यावर जंतू जगला असता तरच आश्चर्य. लॅबने 'वाढ नाही' लिहिलं ते खरंच होतं, पण ते त्या काडीविषयी होतं, रुग्णाविषयी नव्हे. पुरुषाच्या मूत्रमार्गातून पू येत असेल आणि त्याच्या ग्रॅम स्टेनमध्ये, म्हणजे रंगवलेल्या स्लाइडवर, पांढऱ्या रक्तपेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले गुलाबी गोलाणू दिसले, तर तो पुरावा भक्कम असतो. स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या स्लाइडवर मात्र एवढा भरवसा ठेवता येत नाही. तिथे जंतू न दिसणं फारसं काही सांगत नाही.

कल्चरसाठी दोन मार्ग आहेत. उत्तम मार्ग म्हणजे रुग्णाजवळच स्वॅब थेट प्लेटवर लावणं. त्यासाठी प्लेटमध्ये थायर-मार्टिनसारखं निवडक माध्यम (जंतू वाढवायचं खाद्य) लागतं. त्यातली प्रतिजैविकं इतर जंतूंना आणि बुरशीला रोखतात आणि परम्याच्या जंतूला वाढायला जागा मिळते. न वापरलेली प्लेट फ्रीजमध्ये ठेवतात, पण वापरण्याआधी ती बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, थंडगार प्लेटवर नमुना लावायचा नाही. स्वॅब फिरवत नागमोडी रेघ ओढायची. मग प्लेट उलटी करून कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा मिळेल अशा बंद डब्यात ठेवून ३५ ते ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये न्यायची. डब्यात ओला कागद आणि पेटवलेली पांढरी, बिनवासाची मेणबत्ती ठेवून घट्ट झाकण लावलं तरी काम भागतं. मेणबत्ती आपोआप विझेपर्यंत जरूर तेवढा वायू तयार झालेला असतो. नमुना लावलेली प्लेट फ्रीजमध्ये कधीच ठेवायची नाही.

तुमच्याकडे इनक्युबेटर नसेल, तर दुसरा मार्ग कोळसा मिसळलेल्या एमीज माध्यमाचा. यात जंतू काही तास तग धरतो. पहिल्या काही तासांत लॅबला पोहोचला तर निकाल चांगला येतो. २४ तासांनंतर आशा झपाट्याने कमी होते आणि ४८ तासांनंतर तर पाठवण्यात अर्थच उरत नाही. बहुतेक लॅब हा स्वॅब सामान्य तापमानालाच ठेवायला सांगतात. उशीर होणार असेल तर काही लॅब थंड ठेवा म्हणतात. तुमच्या लॅबचं म्हणणं लेखी मागवा आणि तेच पाळा. मुख्य मुद्दा वेळेचा आहे. लॅबचा माणूस सकाळी अकराला येत असेल, तर आदल्या दुपारी घेतलेला कल्चरचा स्वॅब आधीच अर्ध्याहून अधिक वेळ घालवून बसलेला असतो. शक्य असेल तेव्हा अशा रुग्णाला तो माणूस येण्याच्या थोडं आधी बोलवा, किंवा त्या दिवशी नमुना वेगळा पाठवण्याची सोय करा. मात्र रुग्ण परत येईल याची खात्री नसेल, तर आत्ताच घ्या. उशिराचा नमुना मिळणं, न मिळण्यापेक्षा बरं.

तुमच्या मनात येईल की पीसीआर असताना कल्चरचा एवढा खटाटोप कशाला? परम्याच्या जंतूने एकामागून एक औषधांना दाद देणं सोडलं आहे. कोणतं औषध लागू पडेल हे पाहायला जिवंत जंतू हातात लागतो. नेहमीची पीसीआर आजार आहे एवढं सांगते, औषध सांगत नाही.

स्लाइड करतानाही एक चूक सर्रास होते. स्वॅब काचेवर घासला की पेशी फुटतात आणि जंतू पेशीच्या आत आहे की बाहेर, हे कळत नाही. स्वॅब काचेवर हलकेच लोळवायचा, पातळ थर घ्यायचा आणि हवेत वाळू द्यायचा. स्लाइडच्या खरखरीत टोकावर नाव पेन्सिलीने लिहा. रंगवताना वापरतात त्या अल्कोहोलने पेनाची शाई धुऊन जाते आणि कोणाची स्लाइड हेच उरत नाही.

आता लघवीकडे येऊ, कारण तुमच्या 'अयोग्य' शेऱ्यांपेक्षाही इथे जास्त नुकसान झालं असावं, असं मला वाटतं. शेरा निदान दिसतो. चुकीच्या धारेची लघवी मात्र लॅब मुकाट्याने तपासते, रिपोर्ट 'निगेटिव्ह' येतो आणि कुणाला संशयही येत नाही. क्लॅमिडिया या लैंगिक आजाराचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या त्या पेशी लघवीच्या अगदी पहिल्या धारेबरोबर बाहेर येतात. मधल्या धारेत त्या वाहून गेलेल्या असतात. म्हणून इथे पहिलीच धार हवी, २० ते ३० मिलिलिटर आणि त्याहून जास्त नको. डबी काठोकाठ भरली तर पेशी पातळ होतात आणि तपासणीची पकड सुटते. आधी धुवायचं नाही, पुसायचं नाही. त्याआधी किमान एक तास लघवी केलेली नसावी. काही किटच्या सूचनेत दोन तास म्हटलेलं असतं.

रुग्णाला 'पहिली लघवी' एवढंच सांगितलं की तो सकाळची पहिली समजतो. सकाळचीच हवी असं नाही. 'लघवी सुरू झाली की पहिलाच थेंब डबीत, रेघेपर्यंत भरली की डबी बाजूला घ्या, उरलेली शौचालयात' असं सांगा. रेघ तुम्हीच आखून ठेवा. एका डबीत ३० मिलिलिटर पाणी मोजून घाला, बाहेरून मार्करने खूण करा, आणि त्याच मापाने बाकीच्या कोरड्या डब्यांवर खुणा करून घ्या. मापाची डबी नमुन्याला वापरू नका. ही छोटी गोष्ट तोंडी सूचनांपेक्षा जास्त काम करते.

बहुतेक पद्धतींमध्ये कच्ची लघवी २४ तासांच्या आत लॅबच्या ट्यूबमधल्या द्रवात मिसळावी लागते. ट्यूबवर दोन काळ्या रेघा असतात, पातळी त्यांच्या मधे आली पाहिजे. साधारण २ मिलिलिटर लघवी त्यासाठी पुरते. रेघेच्या खाली राहिली किंवा वर गेली तर लघवी आणि द्रव यांचं प्रमाण बिघडतं आणि लॅब नमुना नाकारते. 'अयोग्य' शेऱ्यांत हे कारण आहे का ते पाहा. प्रत्येक रुग्णाला नवा ड्रॉपर घ्या. त्याच लघवीवर पट्टी बुडवून साखर-प्रथिनं पाहायची असतील, तर आधी पीसीआरचा हिस्सा काढा, मग पट्टी बुडवा. उलट केलं तर बाहेरचं काहीतरी नमुन्यात जायचा धोका असतो. डॉक्टरांना लघवीचं साधं कल्चरही हवं असेल, तर एकाच वेळी दोन डब्या द्या : पहिली धार पहिलीत, मधली धार दुसरीत. धुण्याची पायरी इथे वगळावी लागते, ते फॉर्मवर नमूद करा.

आता त्या बायकांविषयी. त्या म्हणतात ते ऐका. क्लॅमिडिया आणि परम्याच्या पीसीआर तपासणीत स्त्रीने स्वतः घेतलेला योनीचा स्वॅब डॉक्टरांनी घेतलेल्या स्वॅबइतकाच भरवशाचा ठरतो, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. उलट तुम्ही त्याऐवजी पाठवता ती लघवी स्त्रियांच्या बाबतीत दुय्यम नमुना आहे. स्वॅबच्या तुलनेत लघवीत १० टक्क्यांपर्यंत संसर्ग निसटू शकतात. म्हणजे त्यांना जमणार नाही या काळजीपोटी आपण त्यांना कमी चांगली तपासणी देतो आहोत. तपासून घ्यायच्या संकोचाने जी स्त्री परतच येणार नाही, तिच्यासाठी तर हा स्वॅब म्हणजे तपासणी होणं आणि न होणं यांतला फरक असतो.

जमायला सोपं आहे, फक्त आधी नीट सांगावं लागतं. हात धुऊन कोरडे करायचे. ट्यूब उघडून झाकण स्वच्छ जागी ठेवायचं, किंवा ट्यूब उभी राहील असं स्टँड द्यायचं. स्वॅब दांडीच्या मधोमध धरायचा, मऊ टोकाला बोट लावायचं नाही, तो कुठेही ठेवायचा नाही. योनीत साधारण ५ सेंटिमीटर आत घालायचा, १० ते ३० सेकंद भिंतींना लागेल असा गोल फिरवायचा, बाहेर काढताना त्वचेला लावायचा नाही. ट्यूबमध्ये घालून दांडी खुणेच्या जागी मोडायची आणि झाकण घट्ट लावायचं. स्वॅब आधी द्रवात बुडवायचा नाही, हे आवर्जून सांगा. कोरडी काडी आत घालायला अवघड वाटते म्हणून ती ओली करून घ्यावी असं बऱ्याच जणींना वाटतं. तो द्रव शरीराच्या आत घालायचा नाही, कातडीला लागला तरी पाण्याने धुवायचा. ट्यूब सांडली तर उरलेल्या द्रवावर भागवू नका, नवी ट्यूब द्या. योनीत घालायचं मलम, वंगण वगैरे त्याआधीचे २४ तास टाळलेलं बरं. पाळी सुरू असेल तर बहुतेक वेळा नमुना घेता येतो, रक्तस्राव जास्त असेल तर मात्र किटची सूचना पाहा. चित्रांची एक पट्टी शौचालयाच्या दाराला आतून लावा.

एक मर्यादा लक्षात असू द्या. ओटीपोटात दुखणं, ताप, संबंधानंतर रक्त जाणं, फोड किंवा व्रण असं काही असेल, तर स्वतः घेतलेल्या स्वॅबवर थांबायचं नाही. गर्भाशय आणि नलिकांपर्यंत संसर्ग गेला आहे का हे तपासूनच कळतं. तिथे डॉक्टरांची तपासणी हवी, आणि तिला ते समजावून सांगणं हे तुमच्या हातातलं काम आहे.

लघवी आणि योनीखेरीज आणखी दोन जागा राहून जातात. घशात आणि गुदाशयात परमा किंवा क्लॅमिडिया असेल तर बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, आणि लघवी तपासून तिथलं काही कळत नाही. कोणत्या प्रकारचा संबंध झाला हे विचारायला अवघड जातं, पण सर्वांना एकाच शब्दांत, एकाच स्वरात विचारलं की ते सवयीचं होतं. घशाचा स्वॅब दोन्ही टॉन्सिल आणि मागच्या भिंतीवर फिरवायचा, जिभेला लावून उपयोग नाही. गुदाशयाचा ३ ते ५ सेंटिमीटर आत घालून फिरवायचा. तो विष्ठेने माखला तर टाकून नवा घ्या. गुदाशयाचा स्वॅब सर्वांत शेवटी घ्या. दर जागेला वेगळी ट्यूब, वेगळं लेबल, आणि फॉर्मवर जागेचं नाव. सगळेच किट घसा-गुदाशयासाठी प्रमाणित नसतात, लॅबला आधी विचारा.

किटमध्ये दोन स्वॅब असतील तर इथेही नमुने नाकारले जातात. गर्भाशयमुखाच्या किटमधला एक स्वॅब तिथला चिकट स्राव पुसून टाकायला असतो. तो टाकून द्यायचा आणि दुसऱ्याने नमुना घ्यायचा. घाईत पुसायचा स्वॅबच ट्यूबमध्ये जातो, किंवा दोन्ही जातात. दोन्ही प्रकारचे नमुने लॅब परत पाठवते. ट्यूबची मुदत संपलेली असणं हे आणखी एक कारण, महिन्यातून एकदा पेटी पाहून घेत जा.

अंगावरून जाण्याच्या तक्रारीत ट्रायकोमोनास हा परजीवी शोधायचा असेल, तर फ्रीज हा शत्रूच समजा. ओल्या स्लाइडवर हा जीव हलताना दिसला तरच ओळखू येतो. सलाइनच्या थेंबात मिसळून लगेच, १० मिनिटांच्या आत पाहायला हवा. तासाभरात ओल्या स्लाइडची पकड झपाट्याने घसरते. थंडीत त्याची हालचाल थांबते. म्हणजे दुसऱ्या दिवशी लॅबला जाणाऱ्या नमुन्यावर ओली स्लाइड मागवणं व्यर्थ आहे. डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप आहेच, ही तपासणी तुमच्याकडेच व्हावी. निगेटिव्ह आली आणि संशय उरला, तर पीसीआर पाठवा.

हर्पीसचा फोड असेल तर ताजा फोड निवडा, वरची कातडी हलकेच उघडा आणि त्याच्या तळावर स्वॅब जोरात फिरवा. नुसतं वरचं पाणी घेऊन पुरत नाही, विषाणू तळाच्या पेशींत असतो. खपली धरली की मिळण्याची शक्यता कमी होते. हा नमुना विषाणूच्या वाहक द्रवात घालून २ ते ८ अंशांना ठेवतात. इथे तुमचा फ्रीज कामाचा.

रक्ताचं तंत्र वेगळं. सिफिलिससाठी साध्या ट्यूबमध्ये रक्त घ्या, अर्धा ते एक तास सामान्य तापमानाला उभं ठेवून गुठळी होऊ द्या, मग सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात घालून, सीरम वेगळं करा. सीरम २ ते ८ अंशांना साधारण ५ दिवस चालतं, त्यापुढे उणे २० अंशांना गोठवावं लागतं. वेगळं न केलेलं रक्त कधीही गोठवू नका. पेशी फुटतात, सीरम लाल होतं आणि नमुना बाद होतो. बर्फाचा पॅक ट्यूबला थेट चिकटला तरी हेच होतं. बारीक सुईतून जोराने ओढणं, सिरिंजमधून सुईवाटे ट्यूबमध्ये दाबून सोडणं, ट्यूब खळखळ हलवणं, यानेही रक्त फुटतं. तुमच्याकडे सेंट्रिफ्यूज नसेल, तर लॅबकडून जेलची ट्यूब आणि किती तासांत पोहोचवायची याची सूचना घ्या. आणि व्रण नुकताच उठलेला असेल तर रक्त निगेटिव्ह आलं म्हणून सिफिलिस नाही असं धरू नका. प्रतिपिंडं तयार व्हायला व्रणानंतर एक ते चार आठवडे लागू शकतात.

तेव्हा मोठा फ्रीज नको, आहे तोच नीट वापरू. किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ नोंद करा. दारातल्या कप्प्यात काही ठेवू नका, दर उघडझापीला तिथलं तापमान हलतं. बर्फाच्या कप्प्याला टेकून रक्त ठेवू नका. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीजर नमुने साठवायला वाईट, कारण तो अधूनमधून गरम होतो आणि नमुने वितळून पुन्हा गोठतात. खाण्याचं काही आत नको. पीसीआरच्या द्रवात घातलेले स्वॅब बहुतेक किटमध्ये २ ते ३० अंशांना कित्येक दिवस टिकतात, त्यांना फ्रीजची घाई नसते. उन्हात उभ्या गाडीत मात्र ते तापू देऊ नका.

नावाबद्दल रुग्णांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यावर मार्ग आहे. दवाखान्याचा क्रमांक आणि जन्मतारखेसारखी दुसरी एक ओळख, अशा दोन खुणा ट्यूबवर आणि फॉर्मवर तंतोतंत सारख्या हव्यात. नाव तुमच्या कुलुपातल्या वहीत राहू द्या. लॅबला ही पद्धत चालते का, ते आधी ठरवून घ्या, नाहीतर 'नाव नाही' म्हणून नमुना परत येईल. लेबल ट्यूबच्या अंगावर लावा, झाकणावर नको, कारण लॅबमध्ये झाकण निघतं. मापाच्या रेघा झाकू नका. लेबल रुग्णासमोरच लावा, त्याच्याकडून खात्री करून घ्या. फॉर्मवर जागा, नमुना घेतल्याची वेळ आणि आधी घेतलेली प्रतिजैविकं लिहा. वेळ लिहिली नाही तर लॅबला २४ तास मोजायचे कुठून, हेच कळत नाही.

पाठवताना तीन थर ठेवा : घट्ट बंद ट्यूब, सांडलं तर सगळा द्रव शोषेल असा कापूस घातलेली गळती न होणारी पिशवी, आणि बाहेर टणक डबा. फॉर्म पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, आत भिजला की वाचता येत नाही. डब्यावर यूएन ३३७३ ही, आत जैविक नमुना असल्याचं सांगणारी खूण असावी. थंड आणि सामान्य तापमानाचे नमुने दोन वेगळ्या डब्यांत द्या आणि नेणाऱ्या माणसाला फरक सांगा. तो सगळं एकाच बर्फाच्या डब्यात टाकत असेल, तर तुमची सगळी मेहनत दारातच वाया जाते.

डॉक्टरांना लॅब बदलायची असेल तर आत्ता थांबायला सांगा. परत आलेल्या प्रत्येक नमुन्यामागे नेमकं कारण काय लिहिलं आहे ते वहीत उतरवा आणि लॅबकडून त्यांची नमुना-सूचनापुस्तिका मागवा. कारणं बहुधा दोन-तीनच निघतील. ती सुधारूनही शेरे थांबले नाहीत, किंवा लॅब कारण लेखी द्यायला तयार नसेल, तर जरूर बदला. आणखी एक गोष्ट त्यांच्याशी ठरवा : पू येणाऱ्या रुग्णाला रिपोर्टसाठी ताटकळत ठेवू नका, पण औषधाचा पहिला डोस नमुना घेतल्यावरच द्या. डोस आधी गेला तर कल्चर हातचं जातं.

राहिले ते रुग्ण, ज्यांचे निगेटिव्ह रिपोर्ट मधल्या धारेच्या लघवीवर दिले गेले. वही काढून त्यांची यादी करा. ज्यांना अजून त्रास आहे, ज्यांच्या जोडीदाराला आजार निघाला आहे, गरोदर स्त्रिया, यांना आधी बोलवा आणि योग्य नमुना पुन्हा घ्या. फोनवर 'पुन्हा नमुना द्यायचा आहे' एवढंच सांगा, आजाराचं नाव घेऊ नका, आणि ती व्यक्ती स्वतः बोलते आहे याची आधी खात्री करा. दरम्यान कुणाला औषध मिळालं असेल, तर पीसीआर चार आठवडे उलटल्यावरच करा. त्याआधी मेलेल्या जंतूंचं उरलेलं द्रव्य सापडून खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. आणि त्या पू येणाऱ्या रुग्णाला औषधानंतर ३ ते ५ दिवसांत आराम पडला नसेल, तर त्याला लॅबचा माणूस यायच्या वेळीच बोलवा, कोळशाच्या माध्यमात नवा स्वॅब घ्या, त्रास कायम असल्याने इथे चार आठवडे न थांबता पीसीआरचा नमुनाही घ्या, आणि फॉर्मवर औषधाचं नाव, तारीख लिहून 'कोणतं औषध लागू पडेल ते तपासा' अशी स्पष्ट मागणी करा.